काचेवरचं बोट

राकेशनं टॅब आणला तो गुरुवारी, आणि पायलनं आणला रविवारी. दोघांनीही एकमेकांना काही सांगितलं नव्हतं. राकेश माझा थोरला. अंबडला कंपनीत कामाला आहे आणि तिकडेच राहतो. पायल धाकटी, देवळ्याला एका शाळेत क्लार्क आहे. रविवारी ती एसटीनं आमच्याकडे नाशिकरोडला आली, पिशवीतून कांद्याची पात काढली, शेवग्याच्या शेंगा काढल्या, आणि तळातून एक चपटं खोकं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. तेवढ्यात तिचं लक्ष टीव्हीच्या फळीकडे गेलं. तिथं राकेशचा टॅब चार्जिंगला लावलेला होता.

"हा कुणाचा?"

"आईचा," राकेश म्हणाला. तोही त्या दिवशी आला होता. "मी घेतलाय."

"मला विचारायचं तरी, दादा."

"तू विचारलंस का मला?"

दोघांची पोरं शाळेत जातात, पण माझ्या घरात आली की दोघं पुन्हा तेवढीच होतात. राकेशचे वडील कोपऱ्यात पेपरातली चित्रं बघत बसले होते. ते म्हणाले, "एक वाचायला ठेव, एक पापड लाटायला ठेव. भांडू नका."

दोन्ही टॅब माझ्या डोळ्यांसाठी आले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी डॉक्टर म्हणाले, पडदा जुना झालाय, बारीक अक्षर आता नीट दिसणार नाही, मोठं करून वाचा. आणि मला यंदा वाचायचंच होतं. आमच्या विहारात वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन असतं. एकेका दिवशी एकेक जण पुढे बसून वाचतो, बाकीचे ऐकतात. मी कितीतरी वर्षं ऐकणाऱ्यांत बसले. पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये घड फिरवून खराब मणी कात्रीनं काढायचे, संध्याकाळी टेम्पोनं घरी यायचं, हातपाय धुवायचे आणि विहारात जाऊन ऐकायचं. पोरं मोठी झाली, काम सुटलं, तेव्हा विहारातच मंजुषाताईंनी बायकांचा वर्ग काढला आणि तिथं मी अक्षर शिकले. गेल्या वर्षी माझी पाळी लागली होती, पण डोळ्यांनी दगा दिला आणि माझं पान दुसरीनं वाचलं. यंदा मंजुषाताईंनी भाद्रपदातली पौर्णिमा मला दिली. मला ते एक पान माझ्या तोंडानं वाचायचं होतं. बाकी मला त्या टॅबकडून काही नको होतं.

विहारातला ग्रंथ जाडजूड आणि अक्षर मुंगीएवढं. भिंग आणून बघितलं. एका हातात भिंग, एक बोट ओळीखाली, मग पुस्तक धरायला तिसरा हात आणायचा कुठून?

म्हणून टॅब. पायलनं ग्रंथ दोन्हींत घालून दिला, आणि मी दोन्ही वापरून बघायचे असं ठरलं. जो जमेल तो ठेवायचा, दुसरा परत.

राकेशचा काळा, पातळ, हातात आहे की नाही कळू नये इतका हलका. अक्षर टिळा लावल्यासारखं ठसठशीत. बोट लावायच्या आत काम करतो. पण काच आरशासारखी. ट्यूबलाइटखाली बसलं की ओळींच्या मधून माझंच कपाळ दिसायचं. आणि त्याला काठच नाही. अंगठा कुठं ठेवायचा हा प्रश्न. अंगठा जरा आत गेला की पान उलटलं. शिवाय त्यातला ल वेगळा निघाला, मी पाटीवर गिरवला तसला नाही. प्रत्येक ल पाशी मी अडखळायची.

पायलचा करड्या रंगाचा, जाड, पाटासारखा जड. काही सांगितलं की आधी विचार करतो, मग करतो. पण त्याला चांगला रुंद काठ आहे, धरायला बरा. उजेड पिवळसर, जुन्या कागदासारखा, डोळ्यांना लागत नाही. एकदा चार्ज केला की पाहुण्यासारखं परत परत विचारावं लागत नाही. राकेशच्याला रोज चारायला लागायचं. राकेशचा महाग होता. हे राकेशनं सांगितलं नाही, पायलनं मोबाइलवर शोधून सांगितलं.

"महाग असला म्हणजे चांगला असं नाही," ती म्हणाली.

"स्वस्त असला म्हणजे पण चांगला असं नाही," राकेश म्हणाला. "आई, माझा स्वतः वाचतो, बघ." त्यानं कुठंतरी बोट लावलं आणि टॅबमधून एक बाई बोलायला लागली. मी एक ओळ लावेपर्यंत तिनं पान संपवलं. कुठं थांबायचं, कुठं ऐकणारे 'साधू' म्हणतील, तिला काही देणंघेणं नव्हतं.

"बाई लय घाईत हाय," राकेशचे वडील म्हणाले. "तिची गाडी सुटतीय वाटतं."

"आई, तू फक्त पुढे बस. हा वाचेल," राकेश म्हणाला.

"तिचं वाचून झालं, राजा. माझं कुठं झालं?"

तो मग हसला आणि ती बाई बंद केली.

पण खरी अडचण दोन्हींत एकच निघाली. मंजुषाताईंनी मला शिकवताना पहिल्याच दिवशी माझं बोट धरून अक्षराखाली ठेवलं होतं, आणि ते बोट तिथून कधी निघालंच नाही. शिकलेली माणसं नुसत्या डोळ्यांनी वाचतात. माझे डोळे बोटाच्या मागे चालतात. बोट उचललं की ओळी एकमेकींत मिसळतात आणि मी वरची ओळ पुन्हा वाचते. कागदाला त्याचं काही नसतं. काचेला असतं. ओळीखाली बोट टेकलं की राकेशच्या टॅबमध्ये पान उडायचं. पायलच्या टॅबमध्ये शब्द निळा व्हायचा आणि त्याचा अर्थ सांगायला एक पेटी उघडायची. मला अर्थ ठाऊक होता.

"बोट लावू नकोस ना, आई," पायल म्हणाली.

"मग वाचू कशानं?"

बोट काचेच्या वर अधांतरी धरून बघितलं. माझ्या हाताला थोडा कंप आहे. टेकला की थांबतो, अधांतरी धरला की वाढतो, आणि मग कधीतरी टेकतोच. पायलनं आइस्क्रीमची काडी दिली. काडीच्या टोकाला तो कंप दुप्पट झाला. राकेशनं काचेला कुलूप लावणारं काहीतरी आत टाकलं. मग पान उलटायला कुलूप उघडावं लागे, आणि ते उघडताना मी दर वेळी ग्रंथाच्या पहिल्या पानावर जाऊन पडे. वर आणखी म्हणजे मी एखादं मोठं जोडाक्षर लावत बसले की टॅब झोपी जायचा. दोन्ही. झोपण्यात दोघांची बरोबरी होती.

पुढच्या रविवारी मी दोन्ही टॅब पुढे ठेवून म्हटलं, "दोन्ही घेऊन जा. मी मंजुषाताईंना नाही म्हणून सांगते."

दोघंही भांडायची थांबली. पोरं एकदम गप्प झाली की आईला कसंतरीच होतं. राकेशच्या वडिलांनाही झालं असावं, कारण त्यांनी विषय बदलायला म्हणून पायलचा टॅब ओढला. "यात कुस्त्या लागतात का?" म्हणाले आणि बोटानं काचेवर टोचायला लागले. काही होईना. त्यांनी दाबून बघितलं, घासून बघितलं, दुसरं बोट लावून बघितलं.

"बंद पडला."

पायलनं बोट लावलं. चालू होता. त्यांनी लावलं. ढिम्म.

"हा मला माणूस समजतच नाय," ते म्हणाले.

पायल हसत सुटली. राकेशनं त्यांचा हात उलटा करून बघितला. त्यांनी सगळी उमर गवंडीकाम केलं. सिमेंटनं बोटांची कातडी खाल्ली, पुन्हा आली, पुन्हा खाल्ली. आता बोटाची पेरं वाळलेल्या लाकडासारखी आहेत, त्यावर रेषासुद्धा नाहीत. "बाबा, तुमच्या बोटात ओलच नाही," राकेश म्हणाला. "काचेला कातडीची ओल लागते."

मी ग्रंथ उघडला, त्यांचं बोट धरलं आणि पहिल्या ओळीखाली टेकवलं. पान हललं नाही. शब्द निळा झाला नाही. मी त्यांचं बोट धरून पहिली ओळ वाचली, मग दुसरी. काच आपली शांत.

राकेशनं लगेच आपला टॅब पुढे केला. त्यावर मात्र ते बोट कळलं. पान उडालं.

"माझा जास्त हुशार आहे," तो म्हणाला, आणि मग त्यालाच हसू आलं. त्याचा टॅब सगळ्यांत चांगला होता, आणि तेच वाईट झालं. संध्याकाळी तो आपला टॅब पिशवीत घालून घेऊन गेला. जरा रुसला होता. पण जायच्या आधी पायलच्या टॅबमध्ये शिरून तो लवकर झोपणार नाही अशी व्यवस्था करून गेला. पायल एरवी बोलल्याशिवाय राहत नाही. त्या संध्याकाळी तिनं त्याच्या पिशवीत नुसत्या शेंगा घातल्या.

मग आमची दोघांची शाळा सुरू झाली. दुपारची झोप झाली की ओट्यावर बसायचं. आधी मी त्यांचं बोट धरून सरकवायची. माझं बोट त्यांच्या बोटावर, म्हणून माझा हात स्थिर. पण तसं धरलं की माझ्याच मुठीनं खालची ओळ झाकायची. म्हणून ते म्हणाले, सोड, मी सरकवतो.

"तुम्हाला कसं कळणार मी कुठं आहे?"

"विटाच हायेत की. ही एक वीट, मधी फट, मग ही दुसरी. तू एक वीट बोलली का मी पुढं सरकतो."

त्यांना अक्षर येत नाही. मंजुषाताईंचा वर्ग चालायचा तेव्हा ते साइटवर असायचे, आणि साइट सुटल्यावर म्हणाले, आता वय गेलं. पण ओळ त्यांना थरासारखी दिसते आणि थर त्यांच्या नजरेतून सुटत नाही. मी बोलेन त्या शब्दाखाली बोट बरोबर येऊन उभं राहायचं. 'व' सारखा एकुलत्या अक्षराचा शब्द आला की म्हणायचे, "हा तुकडा टाकलाय इथं." मी जोडाक्षरापाशी अडकले की बोट थांबून राहायचं. कधी घाई केली नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं इतका वेळ माझ्यासाठी बोट धरून बसावं याची मला मजा वाटायची, आणि मी कधीकधी अडकलेली नसतानाही अडकायची.

एक दिवस गयाबाई आली. गयाबाई माझ्याच वर्गातली. अर्ध्या मुळाक्षरांवर तिनं पाटी ठेवली ती ठेवलीच. समोरच्या जिन्यावरून तिनं आम्हाला बघितलं.

"चांगुणे, लग्नात धरलं नसंल एवढं बोट धरलंस गं नवऱ्याचं."

"मी धरलं नाही. त्यांनीच पुढं केलंय."

"विहारात पण असंच बसणार का? मग मी येते लवकर. पुढची जागा धरते."

मी हसले. राकेशच्या वडिलांनी बोट काढून घेतलं. गयाबाई गेल्यावरही परत ठेवलं नाही.

"विहारात मी नाय बसणार," ते म्हणाले.

"तिची सवय आहे हो चेष्टेची."

"तिचं नाय काय."  मग ओट्यावरची माती नखानं खरवडत म्हणाले, "पुढं बसायचं म्हणजे वाचणाऱ्यात बसायचं. उद्या कोणी म्हणलं, मल्हारीबाबा, पुढची ओळ तुम्ही वाचा, तर मी काय सांगू? विटा मोजतो म्हणून?"

 मी त्यांना एवढंच सांगितलं की तुम्ही नाही बसलात तर माझ्याच्यानं वाचणं होणार नाही, आणि तुमच्यावर जबरदस्तीही नाही. त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर येऊन बसले, बोट पुढे केलं, रोजच्यासारखं. पण विहाराचं हो की नाही ते बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

पौर्णिमेच्या दिवशी दोन्ही पोरं आली. मी पांढरी साडी नेसून तयार झाले तरी हे मोरीतून बाहेर निघेनात. निघाले तेव्हा दाढी केलेली, पांढरा सदरा, डोक्याला तेल, हात कोपरापर्यंत घासून धुतलेले. मला इतकं बरं वाटलं की मी काही विचारलंच नाही. नुसता खोबरेल तेलाचा वास आला आणि वाटलं, लग्नातसुद्धा इतके नटले नव्हते.

विहारात पुरुष एका बाजूला बसतात, बायका एका बाजूला. वंदना झाली. मंजुषाताईंनी माझं नाव घेतलं. मी पुढे जाऊन बसले, टॅब पुढ्यातल्या चौरंगावर ठेवला. पुरुषांमधून हे उठले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. थोडी कुजबुज झाली.

"बसू द्या," गयाबाई मागून म्हणाली. "घरी विसरली होती बोट. आणून दिलं."

लोक हसले, आणि हसण्यानं बरंच झालं. यांनी पहिल्या ओळीखाली बोट टेकवलं.

पान उडालं.

मी मागे आणलं. त्यांनी पुन्हा टेकवलं. शब्द निळा झाला आणि अर्थाची पेटी उघडली. त्यांनी हात असा ओढला जणू काच तापली होती. माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला तो वास पुन्हा आला.

"हाताला तेल लावलं?" मी हळूच विचारलं.

"लावलं. सकाळधरनं तीनदा. भेगा लय दिसत व्हत्या," ते म्हणाले. "एवढ्या लोकात."

त्यांनी बोट पायजम्याला पुसलं, चटईला घासलं. पण तेल मुरलं होतं. एवढी वर्षं कोरडं राहिलेलं बोट नेमकं आज ओलं झालं होतं, आणि टॅब त्यांना माणूस समजायला लागला होता. समोर सगळे वाट बघत होते. मंजुषाताई वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "चांगुणाबाई, मी वाचू का हे पान?" राकेश अर्धा उठला होता. मी हो म्हणून मान हलवणारच होते. गेल्या वर्षीसारखंच होणार, एवढंच मनात आलं.

"वाच तू," हे म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला होता. बोट काचेवर टेकलेलं नव्हतं. काचेच्या वर, मधून सुताचा दोरा जाईल एवढं अंतर ठेवून, पहिल्या शब्दाखाली उभं होतं. अजिबात हलत नव्हतं. ज्या हातानं आयुष्यभर ओळंबा धरला तो हात मी त्या नजरेनं कधी बघितला नव्हता.

मी वाचायला लागले. एक शब्द, बोट सरकलं. दुसरा शब्द, सरकलं.  पहिला परिच्छेद संपला तेव्हा बायकांनी 'साधू' म्हटलं आणि मला थोडा श्वास मिळाला.

तेव्हाच मला त्यांचाही श्वास ऐकू आला, नाकातून, जोरात. हाताला कशाचाही आधार नव्हता. सगळा हात अधांतरी, आणि माझं वाचन तर असं की घरी या पानाला चहा दोनदा गार व्हायचा. अजून अर्धं पान बाकी होतं. बोट स्थिर होतं, पण दंड थरथरायला लागला होता. हात जरा खाली आला, पुन्हा वर गेला. थांबा म्हणावं तर वाचन मोडतं. न थांबावं तर हात मोडतो.

मग मी पुढे पळायला लागले. दुसरं काही सुचलं नाही. एरवी मी प्रत्येक अक्षर आधी मनात लावते आणि मग बोलते. तेवढा वेळ आता नव्हता. तोंड एका शब्दावर असताना डोळे पुढच्या शब्दावर जाऊन उभे राहिले. कुठं चुकले असेन, एखादा काना सुटला असेल. जोडाक्षरं आली आणि गेली. माझा डावा हात मोकळा होता. तो मी पुढे नेला आणि त्यांच्या कोपराखाली तळवा लावला. सगळ्यांसमोर. कोपर जड होऊन माझ्या हातात बसलं आणि बोट पुन्हा सरळ झालं.

शेवटच्या ओळी मी कशा वाचल्या ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की शेवटचा शब्द बोलले तेव्हा बोट अजून एक ओळ मागेच होतं.

'साधू, साधू, साधू' झालं. यांनी हात खाली सोडला तो थेट काचेवर. ग्रंथ भलत्याच पानावर गेला. आता कुठंही जावो.

खीरदान झालं, लोक उठले. पायल वडिलांचा दंड चोळत बसली. राकेश टॅब पुसत होता, काच तेलानं माखली होती. गयाबाई द्रोण घेऊन आली.

"मल्हारीबाबा, शेवटी तुमचं बोट मागं राहिलं. मी बघितलं."

"ती पळायला लागली," हे म्हणाले.

"तुमचा हात दुखत होता म्हणून," मी म्हटलं.

"दुखत व्हता. पण मी थांब म्हणलं का तुला?"

मी द्रोण त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी दोन घास खाल्ले आणि खिरीकडे बघतच विचारलं, "मधल्या थरात एक वीट व्हती, पोटात एकावर एक दोन ठिपके अन् शेजारी उभा दांडा. तशीच खाली परत दोनदा आली. तोच शब्द व्हता का?"

"कोणता? दाखवा बघू."

राकेशनं टॅब पुढे धरला. त्यांनी उजवा हात उचलायला बघितला आणि परत मांडीवर ठेवला.

"उद्या," ते म्हणाले. "आज हात भरून आलाय."